इन्स्पेक्टरसाहेबांची पोळी

इन्स्पेक्टरसाहेबांच्या हातात कोणतीही वस्तू दिली की ते आधी ती उलटी करून बघत. मग बोटाच्या पेरानं टकटक वाजवत, कानाशी नेत, उजेडात धरत आणि बहुतेक वेळा परत देत. परत देताना एकच शब्द म्हणत, "नापास." मग तो नारळ असो, प्लास्टिकची बादली असो, सोसायटीच्या नव्या फाटकाची कडी असो, नाहीतर दिवाळीत मी हौसेनं पाठवलेली चकली असो. "काटे बरे आलेत, पण वेटोळं शेवटाला सुटलंय," हा माझ्या चकलीचा निकाल. मी आयुष्यभर शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे लाल शाईचं मला काही नवल नाही. पण चकलीला लाल शाई लावणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

अर्णव, मीरा, तुम्हाला ते आठवत असतील. आमच्या समोरच्याच दारात राहतात. मागे तुम्ही बोरिवलीला आला होतात तेव्हा अर्णवनं त्यांना आपली बॅटरीवरची मोटार दाखवली होती. त्यांनी ती उलटी केली, चाक फिरवलं आणि गंभीरपणे म्हणाले, "डावं चाक घासतंय. नापास." अर्णवनं भोकाड पसरलं. संध्याकाळी ते मोटार घेऊन परत आले. चाकाखाली कागदाची इवलीशी चकती घातली होती. "आता पास," असं म्हणून त्यांनी ती फरशीवर सोडली, ती थेट माझ्या सोफ्याखाली गेली. मागच्या महिन्यात फोनवर बोलताना मीरानं विचारलं, "आजी, तुझ्याकडे सारखं कोण ठोकतंय?" तेव्हा मी विषय बदलला, कारण उत्तर लांबलचक होतं. ते आता नीट क्रमानं लिहिते. आई वाचून दाखवील.

ते पोलीस इन्स्पेक्टर नव्हते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पंपांचे सुटे भाग बनत, ते तपासून पास-नापास करायची त्यांची नोकरी. ती नोकरी निवृत्तीबरोबर संपली, पण तपासणी काही संपली नाही. एकदा आमच्या इमारतीला रंग देणारा कंत्राटदार भिंतीवरच्या एका ओघळाकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, एवढं चालेल." साहेब म्हणाले, "चालेल म्हणणाऱ्यांमुळेच या देशात काही चालत नाही." कंत्राटदारानं ती भिंत पुन्हा रंगवली. "चालेल" हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. एखादी गोष्ट पास तरी असायची, नाहीतर नापास तरी. मधली जागाच नव्हती.

अशा माणसाशी संसार करणं सोपं नसणार असं कोणालाही वाटेल. पण त्यांच्या पत्नी सुनंदाताई त्यांना पुरून उरणाऱ्या होत्या. माहेर सावंतवाडीकडचं, आवाज खणखणीत. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून त्यांनी "ए भाजीवाल्या, थांब रे!" म्हटलं की आमचाच काय, पुढच्या गल्लीतलाही भाजीवाला थांबायचा. माणसांना नावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि गंमत अशी की नावं ठेवलेला माणूसही हसत घरी जायचा. आमच्या सेक्रेटरीनं एकदा भडक नक्षीचा शर्ट घातला, तर त्या म्हणाल्या, "काय रे, पडदे धुवायला काढलेस वाटतं?" तो शर्ट त्यानं पुन्हा घातला नाही, पण हा किस्सा अजून स्वतःच सांगतो.

त्यांच्या पोळ्या अख्ख्या इमारतीत प्रसिद्ध होत्या. घडीची पोळी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. आधी लहान चकती लाटायची, तिला तेलाचं बोट लावायचं, वर पिठाची चिमूट भुरभुरायची, दुमडायची, परत तेल, परत दुमड, आणि मग त्या त्रिकोणाची गोल पोळी लाटायची. तव्यावर ती फुगली पाहिजे आणि ताटात तिचे पदर सुटले पाहिजेत. सुनंदाताई हे सगळं माझ्याशी गप्पा मारता मारता, पोळपाटाकडे न बघता करत. "माझ्या माहेरी भात आणि तांदळाची भाकरी, टीचर," त्या मला सांगायच्या. शाळेमुळे इमारतीत सगळे मला टीचरच म्हणतात. "पोळी मी इथे येऊन सासूबाईंकडे शिकले, रडत रडत. एक पोळी अशी गेली नाही की त्यांनी नाव ठेवलं नाही."

आणि साहेब? दुसऱ्यांच्या चकलीचं वेटोळं मोजणारा हा माणूस सुनंदाताईंच्या पोळीला कधी काही बोलला नाही. ताटात पडली की उजेडात धरायचे, पदर सोडवायचे आणि मुकाट्यानं खायला लागायचे. तीच पास झाल्याची खूण.

मग सुनंदाताईंना कंपवात झाला. पहिल्यांदा हात थरथरायला लागले आणि पोळपाट सुटला. मग चालणं मंदावलं. पण या आजाराची जी बाजू मला ठाऊक नव्हती, ती म्हणजे तो चेहरा आणि आवाजही नेतो. सुनंदाताईंचा चेहरा हळूहळू स्थिर झाला, हसू येईना की राग दिसेना. तो खणखणीत आवाज खाली खाली जात कुजबुजीवर आला. डॉक्टरांनी सांगितलं, "त्यांना बोलतं ठेवा. मोठ्यानं बोलायला लावा. नाहीतर उरलासुरला आवाजही जाईल." पण बोलतं ठेवायचं कसं? मी दुपारी जाऊन बसायची. मासिकातलं काहीतरी वाचून दाखवायची आणि म्हणायची, "आता तुम्ही वाचा." त्या मान फिरवायच्या. साहेब विचारायचे, "चहा?" त्या मान हलवायच्या. "पंखा वाढवू?" परत मान. ज्या घरात पूर्वी रेडिओ लावायची गरज पडत नसे, तिथे आता दिवसभर टीव्ही चालू असायचा आणि त्याच्यासमोर दोन माणसं गप्प बसलेली.

स्वयंपाकाला संगीता येऊ लागली. हाताला चांगली, तोंडाला त्याहून चांगली. तिच्या पोळ्या मऊ असत. सुनंदाताई अर्धी पोळी खायच्या आणि ताट सरकवायच्या. ना बरी म्हणायच्या ना वाईट. संगीता मला म्हणाली, "आजी, मला बोलू देत ना काहीतरी. शिव्या घालू देत. असं भिंतीला जेवण वाढल्यासारखं वाटतं."

शिमग्याला संगीता गावी गेली, आणि त्याच दिवशी सकाळी समोरच्या घरातून ठोकल्याचा आवाज यायला लागला.

धप्. धप् धप्. थोडा वेळ शांत. परत धप्. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. एखादी गोष्ट कळली नाही की माझा चहा गार होतो. मला आधी वाटलं सुतार आलाय. पण सुतार रोज सकाळी ठरावीक वेळेला येऊन अर्ध्या तासात जात नाही. सेक्रेटरी जिन्यात भेटला, तो म्हणाला, "टीचर, साहेब व्यायाम करतायत बहुतेक. डंबेल आपटतात. या वयात, बोला!" खालच्या मजल्यावरच्या बाईंचं म्हणणं, मसाला कुटतात. मी एकदा बेल वाजवली. साहेबांनी दार अर्धं उघडलं. कोपरापर्यंत हात पांढरे, चष्म्याच्या एका काचेवरही पांढरा ठिपका.

"काम चालू आहे," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

आता तर मला राहवेना. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, ही फार सोयीची पद्धत आहे. त्यांचा एक डबा माझ्याकडे होता. मी साबुदाण्याची खिचडी केली, डब्यात भरली आणि आवाज चालू असतानाच बेल वाजवली. या वेळी दार उघडंच होतं. मी सरळ स्वयंपाकघरापर्यंत गेले.

ओट्यावर पोळपाट, आणि पोळपाटावर साहेब लाटणं आपटत होते. शेजारी एका फडक्यावर त्यांचा कारखान्यातला व्हर्नियर कॅलिपर ठेवलेला. तुम्ही शाळेत पाहिला असेल, दोन जबड्यांमध्ये वस्तू धरून तिची जाडी मोजतात ते यंत्र. साहेब पोळीची जाडी मोजत होते! आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, मांडीवरचे थरथरणारे हात एकमेकांत अडकवून सुनंदाताई बसल्या होत्या.

"लाटताय की भांडताय तिच्याशी?" त्या म्हणाल्या.

मी दारातच थांबले. आवाज घोगरा होता, तुटक होता, पण चांगला ऐकू येत होता.

"जाडी सगळीकडे सारखी येत नाही," साहेब म्हणाले. "कडेला जास्त आहे."

"दाबू नका. फिरवा. पोळी आपणहून फिरायला हवी लाटण्याखाली."

"आपणहून कशी फिरेल? बल कोण लावणार?"

"तुमचं डोकं लावा बल. आणि ती कडेला श्रीलंका कशाला चिकटवलीत?"

मी हसले तेव्हा त्यांना माझी चाहूल लागली. "या टीचर," सुनंदाताई म्हणाल्या, "बघा माझ्या नशिबात काय आलंय. ह्यां काय, गुरांक घालूची पोळी? गुरां पण खावची नाय." चिडल्या की त्या मालवणीत शिरायच्या. ती मालवणी मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते.

साहेबांनी तव्यावरची पोळी काढली. ती एका बाजूला कच्ची, दुसऱ्या बाजूला काळी होती. त्यांनी ती उजेडात धरली, उलटी केली आणि स्वतःच म्हणाले, "नापास."

पुढे संगीता गावाहून परत आली, तरी ठोकणं थांबलं नाही. तेव्हा मात्र मला नवल वाटलं. आमच्या कोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्र आहे, संगीता दारात हजर आहे, मग हा माणूस रोज कणकेत कोपर घालून का उभा राहतो? संगीता तर चिडलीच. "आजी, साहेबांनी माझी वाट लावली. भाजी तू कर, भांडी तू घास, पोळीला हात लावायचा नाही म्हणे. माझ्या पोळीत काय खोट आहे, सांगा ना!" मी साहेबांना जिन्यात गाठून विचारलं. ते म्हणाले, "विकतच्या पोळीच्या जाडीचा भरवसा नाही." हे उत्तर मला पटलं नाही. मुलांनी गृहपाठ न करता दिलेली उत्तरं मला लगेच ओळखू येतात.

त्यांची चिकाटी मात्र बघण्यासारखी होती. कणीक किती वेळ भिजली, पाणी कोमट की गार, तवा किती तापला, यातली एकेक गोष्ट बदलून ते पाहायचे. एका वेळी एकच बदलायची, म्हणजे चूक कुठे आहे ते सापडतं, असं त्यांचं म्हणणं. वाटेत भेटले की बातमी द्यायचे. "आज पदर सुटला. एकच, पण सुटला." त्यांचे नापास झालेले नमुने खाऊन आमच्या गल्लीतले कावळे एवढे सुस्तावले, की गच्चीवरच्या पापडांकडेही बघेनात.

आणि या सगळ्या वेळात सुनंदाताई बोलत होत्या. "ही पोळी की पायपुसणं?" "आज नॅशनल पार्क केलात वाटतं, इथे डोंगर, तिथे तळं." "माझे दात अजून माझे आहेत, ते राहू देत." आवाज उतरलेलाच होता, वाक्य मध्येच अडकायचं, शब्द सापडेपर्यंत साहेब लाटणं हातात धरून थांबायचे. पण वाक्य पूर्ण व्हायचंच.

एके दिवशी साहेब माझ्या दारात आले. चेहरा पडलेला.

"पोळी फुगली," ते म्हणाले.

"अरे वा! अखेर पास!"

"हो. सगळे पदर सुटले. गोल, एकसारखी."

"मग? सुनंदाताई काय म्हणाल्या?"

"काही नाही," ते म्हणाले. "जेवली." आणि परत गेले.

मी दार लावून विचार करत बसले. इतक्या खटपटीनंतर जमलेली पोळी, आणि माणूस कोणी वारल्यासारखा तोंड करून उभा. मला त्याचा अर्थ लागेना. पुढच्या आठवड्यात दुसरं कोडं पडलं. साहेबांनी माझ्यासाठी डब्यातून दोन पोळ्या पाठवल्या. काय सांगू, अगदी सुनंदाताईंच्या हातच्या. पदर बोटांनी उलगडावेत इतके पातळ. पण त्याच सकाळी समोरच्या घरातून सुनंदाताईंचा आवाज आला होता, "अहो, ही भाजलीत की होळीत टाकलीत?" एकाच तव्यावरची एक पोळी अशी आणि दुसरी तशी कशी?

मी पुन्हा एकदा रिकामा नसलेला डबा घेऊन गेले. सुनंदाताई आतल्या खोलीत होत्या, संगीता त्यांना हाताला धरून आणत होती. मी हॉलमध्ये बसले. तिथून ओटा दिसतो. साहेबांची पाठ माझ्याकडे होती. आता धप् धप् असा आवाज नव्हता. लाटणं हलकंच फिरत होतं आणि त्याच्याखाली पोळी आपणहून फिरत होती. एक फुगली, दुसरी फुगली, तिसरी फुगली. चौथी लाटून झाल्यावर त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. मग अंगठा आणि बोट यांच्यात तिची एक कड पकडून हळूच ओढली. कडेला एक शेपूट तयार झालं. तव्यावर टाकल्यावर त्यांनी ती उलटली, परत उलटली आणि एका बाजूला मुद्दाम ठेवून दिली. धूर यायला लागला, तरी चिमटा हातात धरून ते शांतपणे बघत उभे राहिले. नीट काळी झाली, तेव्हा उतरवली. सुनंदाताईंच्या ताटात सगळ्यात वर तीच पोळी ठेवली.

त्या आल्या, बसल्या, ताटाकडे बघितलं. थोडा वेळ ओठ नुसतेच हलले. मग म्हणाल्या, "हिला शेपूट कशाला? उद्या भुंकेल."

साहेब म्हणाले, "उद्या बघतो."

मी निघाले तेव्हा ते मला जिन्यापर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, "साहेब, मी पाहिलं."

त्यांनी जिन्याचा कठडा बोटानं वाजवून बघितला, जणू त्याचाच प्रश्न होता. मग म्हणाले, "संगीता गावी गेली त्या दिवशी कोपऱ्यावरचं केंद्र उघडलेलं नव्हतं. औषधाआधी हिच्या पोटात काहीतरी जायला हवं होतं. म्हणून मी केली. पोळी कसली, खापरीच ती. हिनं तोंडात घातली, बाहेर काढली आणि म्हणाली, 'पस्तीस वर्षं लोकांचा माल परत पाठवलात, आता हा कोणाकडे पाठवणार?' टीचर, अख्खं वाक्य. कितीतरी दिवसांनी. मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. दुसऱ्या दिवशी परत केली. परत बोलली."

"आणि पोळी फुगली त्या दिवशी?"

"गप्प जेवली. चांगल्या मालाला कोण काय म्हणणार? मीही आयुष्यभर हिच्या पोळीला काही म्हटलं नाही." त्यांनी कठडा पुन्हा एकदा वाजवला. "त्या दिवशी मी घाबरलो."

ज्या माणसानं आयुष्यात एकही सदोष वस्तू हातून पुढे जाऊ दिली नाही, तो आता रोज सकाळी मन लावून एक सदोष वस्तू बनवत होता. आणि तीही कमी कष्टाची नव्हती. शेपूट रोज निराळ्या बाजूला, करपणं कधी कडेला, कधी मध्ये. रोज काहीतरी नवीन हवं, नाहीतर तिला नवीन काय सुचणार, असं ते म्हणाले.

मला वाटलं, आता मला सगळं कळलं. पण अर्धंच कळलं होतं.

एका दुपारी साहेब औषधं आणायला गेले आणि मी सुनंदाताईंपाशी बसले. त्यांच्या केसांना तेल लावत होते. त्यांना बोलायला वेळ लागायचा, म्हणून मी गप्प होते. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "मुद्दाम करतात."

"काय?"

"पोळी. मुद्दाम बिघडवतात. मला कळत नाही होय? एका तव्यावर तीन चांगल्या आणि माझीच तेवढी करपते?"

मी तेलाची वाटी खाली ठेवली. "मग तुम्ही बोलत का नाही तसं?"

"बोलले तर ते करतील काय दिवसभर?" त्यांनी श्वास घेतला. "आणि मी तरी काय करणार? रात्री झोप लागत नाही. तेव्हा ठरवते, उद्या काय म्हणायचं. एक वाक्य जुळवते. सकाळपर्यंत धरून ठेवते. कधी निसटतं, परत जुळवते." मग त्या स्थिर चेहऱ्यावर, ओठाच्या एका कोपऱ्यात, मला जुनं हसू दिसल्यासारखं वाटलं. "सासूबाईंनी मला नावं ठेवली, मी ह्यांना ठेवते. फिटंफाट. तुम्ही सांगू नका हां त्यांना, मला माहीत आहे म्हणून."

मी कोणालाच काही सांगितलं नाही. मग कुठेही पोळी दिसली की मला तेच आठवायचं. भिंतीच्या एका बाजूला एक माणूस उद्या कशी बिघडवायची याचा विचार करतोय, दुसऱ्या बाजूला एक बाई तिला नाव काय ठेवायचं ते जुळवतेय, आणि दोघांनाही सकाळची घाई झालीय. सकाळी कशासाठी उठायचं, हा प्रश्न आमच्या वयाला फार सतावतो. तुमचे आजोबा गेल्यावर मलाही सतावला होता. मी मोठमोठी उत्तरं शोधत बसले होते. या दोघांना एका पोळीत उत्तर सापडलं होतं.

पुढे सुनंदाताईंना गिळायला त्रास व्हायला लागला. मग पोळी दुधात कुस्करून, चमच्यानं भरवायची. दुधात कुस्करल्यावर शेपूट काय आणि करपलेली बाजू काय, काहीच दिसत नाही. तरी साहेब आधी अख्खी पोळी ताटलीत घालून त्यांना दाखवायचे, त्यांचं वाक्य होईपर्यंत थांबायचे आणि मगच कुस्करायचे. वाक्यं लहान होत गेली. तीन शब्द, मग दोन. मी शेवटचं ऐकलं त्या दिवशी साहेबांनी ओणवं होऊन कान त्यांच्या तोंडाशी नेला होता. "काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"जाड आहे म्हणाली," साहेब म्हणाले. त्या दिवशी दिवसभर त्यांचा चेहरा उजळलेला होता.

त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी समोरून आवाज आलाच नाही. मी चहा तसाच ठेवून दाराशी गेले. मला विचारावं लागलं नाही.

सुनंदाताई गेल्यावर त्यांचा मुलगा आला, दिवस झाले, मुलगा म्हणाला, "बाबा, माझ्याकडे पुण्याला चला." साहेब म्हणाले, "बघू." मुलगा गेला. संगीता भाजी आणि पोळ्या दोन्ही करून ठेवायची, आणि संध्याकाळी येऊन त्यातलं बरंचसं तसंच उचलायची. साहेब खाली उतरेनासे झाले. सोसायटीत पाण्याची नवी टाकी बसली, तीही त्यांनी वाजवून पाहिली नाही. सेक्रेटरी मला म्हणाला, "टीचर, टाकीला कोणी नापास केलं नाही, तर मला चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय यार."

मग एका सकाळी आवाज आला. ठोकण्याचा नव्हे, पण लाटणं पोळपाटावर फिरतं तो हलका आवाज. मीरा, तू फोनवर काय ऐकलंस ते मला ठाऊक नाही. तुमच्या त्या फोनमध्ये सगळेच आवाज मोठे होत असतील. थोड्या वेळानं बेल वाजली. साहेब दारात उभे होते, हातात झाकलेली ताटली. झाकण काढलं. आत एकच पोळी होती. गोल, फुगून बसलेली, वर सोनेरी ठिपके. मी एक घास घेतला. मऊसूत. सगळे पदर जागच्या जागी.

"उत्तम," असं मी म्हणणारच होते. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हात मागे बांधून, मान किंचित पुढे काढून उभे होते. असे ते कुठे उभे राहायचे, ते मला माहीत होतं. स्वयंपाकघराच्या दारातल्या त्या खुर्चीसमोर.

"मीठ कमी आहे," मी म्हणाले.

मग ताटलीतला उरलेला तुकडा त्यांनी उचलला, तोंडात घातला, शांतपणे चावला. मिठाची परीक्षा चालली होती, आणि मी खोटं बोलले होते. त्यांनी ताटली घेतली आणि "उद्या बघतो" म्हणून गेले.

त्या रात्री मी अंथरुणावर पडून एक वाक्य जुळवत बसले. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, आणि नावं ठेवायची विद्या मला मुळात कमीच. दोन-तीन वाक्यं जुळवली आणि सोडली. सुनंदाताईंना हे रोज कसं जमत असेल, याचं पहिल्यांदा नवल वाटलं.

सकाळी बेल वाजली. ताटलीत पोळी होती. तिच्या एका कडेला शेपूट होतं आणि एक बाजू चांगली काळीकुट्ट झाली होती. खोटी तक्रार त्यांच्या तपासणीत पास होणार नव्हती, म्हणून त्यांनी मला खरी तक्रार करायची सोय करून आणली होती.

मी घसा साफ केला आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "साहेब, ही पोळी आहे की आपल्या गल्लीतला खोदलेला रस्ता?"

साहेबांनी चष्मा काढला. तो पुसला, उजेडात धरला, परत पुसला. पुसायला जरा जास्तच वेळ लागला.

"सुनंदाच्या मानानं साधं आहे," ते म्हणाले. "पण चालेल."